गुलाबांकडे पाठ करून

लतामंडपात लग्न लागतंय आणि आम्हाला नेमकं तिथंच उभं राहून दिशा काढायची आहे.

भाचा होकायंत्र तळहातावर आडवं धरून पायऱ्यांपासून जरा लांब ताटकळलाय. वय वर्षं दहा, पाठीवर शाळेचं दप्तर, डोक्यावर बापाची टोपी. मंडपात नवरा घामाने निथळतोय, नवरी मजेत आहे, समोर घडीच्या खुर्च्यांवर तीस-चाळीस माणसं. एक मुलगी व्हायोलिन वाजवतेय.

“मावशी, हे किती वेळ चालणार?”

“आपल्याकडचं असतं तर दुसरी पंगत उठेपर्यंत,” मी म्हणते. “इथलं मला काय माहीत?”

इथलं चटकन उरकतं. टाळ्या होतात, मंडळी फोटोसाठी कमानींकडे सरकतात. बहीण पोराच्या पाठीत हलकेच बोट खुपसते. “जा, पळ. पुढचं वऱ्हाड यायच्या आत.”

ही एलिझाबेथ पार्क. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याची राजधानी हार्टफर्ड आणि तिच्या शेजारचं वेस्ट हार्टफर्ड, या दोन गावांच्या शिवेवरची शंभरेक एकरांची बाग. चार्ल्स पॉन्ड नावाच्या धनिकाने १८९४ साली मरताना आपली ही मिळकत शहराला देऊन टाकली आणि बागेला बायकोचं नाव द्या म्हणून लिहून ठेवलं. मूळच्या स्विस थिओडोर वर्थने इथे गुलाबांची बाग आखली. ती १९०४ साली खुली झाली. अमेरिकेत नगरपालिकेने उभारलेली ही सगळ्यांत जुनी गुलाबबाग. अडीच एकरांत सुमारे १५,००० झाडं आणि आठशेच्या आसपास जाती. मधोमध उंचवट्यावर वेलींनी झाकलेला हा मंडप, त्याच्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या फुटलेल्या गवती वाटा आणि वाटांवर वेलगुलाबाच्या कमानी. जून संपत आलाय, म्हणजे बहराचा ऐन भर. कमानींवर डोरोथी पर्किन्स नावाची १९०१ सालची जुनी जात चढवलेली आहे. वर्षातून एकदाच फुलते, गुलाबी घोस पान दिसू देत नाहीत. भुरी हिच्यावर फार लवकर पडते. दुसरी कुठली जात असती तर माळ्याने कधीच उपटून फेकली असती, पण या आठवड्यात हिच्याकडे बघून त्यालाही राग आठवत नसावा.

बागेत शिरायला पैसे लागत नाहीत. त्यामुळे झाडून सगळं गाव इथे आहे. तमिळ आजी-आजोबा, जमैकन बायकांचा घोळका, पोटावर बाळ बांधलेले बाप. झाडून सगळ्यांचे फोन गुलाबांवर रोखलेले. नाकं गुलाबांत. आणि आमच्या हातातल्या कागदावर लिहिलंय, गुलाबांकडे पाठ करा.

कागद इंग्रजीत आहे. मराठीत साधारण असा:

“जोड्या ‘हो’ म्हणतात तिथून निघा. उत्तरेला बारा वाजले असतील तर दहाच्या वाटेने. वाट संपली की गुलाबांकडे पाठ करा आणि कुणी बसत नाही त्या बाकाशी या. बाकावरच्या बाईंच्या नावात अक्षरं किती? पंचेचाळीसने गुणा. सुईला तेवढे अंश दाखवा आणि तीस पेस चाला. एका मुळातून वर आलेली दोन भावंडं भेटतील. धाकट्याच्या मागे, रस्त्याला दिसत नाही त्या अंगाला वाका. सापडलं तर होतं तसं ठेवा.”

यातले आकडे आणि खुणा मी बदलल्या आहेत. या कागदावरून निघालात तर तुम्ही एखाद्या निष्पाप झुडपात जाल. लपवलेली पेटी शोधायच्या या खेळाची एवढी एक शिस्त मला पहिल्याच दिवशी पढवण्यात आली आहे.

भाचा मंडपाच्या मध्यात उभा राहतो. सुई डुलते, थांबते. मी माझ्या फोनमधलं होकायंत्र उघडते. ते वेगळंच काही सांगतंय.

“मावशी, तुझा फोन खरी उत्तर दाखवतो. कंपास मॅग्नेटिक उत्तर दाखवतो. इथे तेरा डिग्रीचा फरक आहे, वेस्टला.”

पुण्यात हा फरक इतका किरकोळ की कुणाच्या ध्यानातही येत नाही. इथे मात्र तीस पेसमध्ये तो माणसाला आठ-दहा मीटर बाजूला नेऊन सोडतो. कागद लिहिणाऱ्यांचा रिवाज सुईच्या बाजूचा, असं हे पोर मला ऐकवतं. मी फोन पर्समध्ये टाकते.

दहाची वाट. दोन्ही बाजूंचे वाफे संपत जातात, सुगंध मागे पडतो. शेवटच्या कमानीखाली नवरीचा फोटो चाललाय, तिच्या झग्याला वळसा घालून आम्ही बाहेर पडतो आणि गुलाबांकडे पाठ करतो. समोर काय? गवत, एक कुंपण, पाण्याचा नळ, गुंडाळलेला रबरी पाइप, कुजवलेल्या लाकडी भुशाचा ढीग. बागेची मागची बाजू. घराचं जसं न्हाणीघर-मोरीकडचं अंगण असतं, पाहुण्यांना न दाखवायचं, तशी ही जागा. इथे फोटो काढणारं कुणीही नाही.

आणि बाक आहे. पण त्याच्यावर माणूस बसलाय.

कागद म्हणतो कुणी बसत नाही, आणि आज नेमके एक आजोबा बसलेत. डोक्यावर कापडी हॅट, गुडघ्याला मातीचे डाग, पायाशी बादली, बादलीत सुकलेली गुलाबफुलं, त्यावर सिकेटर. डबा उघडून सँडविच खाताहेत. बाकाच्या पाठीवरची नावाची पट्टी त्यांच्या पाठीमागे झाकलेली.

“आता?” भाचा.

“आता वाट बघायची,” बहीण सांगते आणि गवतावर सतरंजी अंथरते. तिला सवय आहे. या खेळातला निम्मा वेळ, ती म्हणते, दुसऱ्यांनी जायची वाट बघण्यातच जातो. आपण काहीच शोधत नाही आहोत असा चेहरा करून बसायचं.

तसा चेहरा करून मी बसते. गुलाबांकडे पाठ, आजोबांकडे तिरकी नजर.

हे आजोबा इथले पगारी माळी नव्हेत हे बादलीवरून कळतं. वाळलेली फुलं छाटायला इथे गावातली माणसं आपण होऊन येतात. १९७० च्या दशकात शहराकडे पैसा उरला नाही आणि गुलाबबाग नांगरून टाकायचं घाटत होतं. तेव्हा लोकच उभे राहिले, १९७७ मध्ये बागेच्या मित्रांची संस्था निघाली आणि बाग वाचली. फूल वाळलं की खालच्या पानावर कापायचं, म्हणजे झाड बी धरण्यात शक्ती घालवत नाही, पुन्हा कळी काढतं. १५,००० झाडांवर हे काम सगळा उन्हाळा चालतं आणि संपत नाही.

आजोबा सावकाश खाताहेत. तेवढ्यात मी या पेट्यांचं मूळ सांगून घेते.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डार्टमूर नावाचं उघडं, दलदलीचं माळरान आहे. १८५४ साली चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने तिथल्या क्रॅनमिअर पूल या आडजागी एक बाटली ठेवली. इतक्या चिखलातून धडपडत जो तिथवर पोचेल त्याने आपलं भेटकार्ड तिच्यात टाकून यावं. माणसाचा स्वभाव बघा. कुणी बघत नसलं तरी आपण इथे आलो होतो हे नोंदवल्याशिवाय त्याला परत फिरवत नाही. पुढे लोक स्वतःच्या पत्त्याची कार्डं ठेवू लागले. नंतर येणाऱ्याने ती उचलायची, खाली गावात जाऊन टपालात टाकायची आणि आपलं कार्ड ठेवायचं. कार्ड किती दिवसांनी घरी पोचतं त्यावरून माळावर माणूस किती दिवसांनी फिरकला ते समजायचं. म्हणून ती लेटरबॉक्स. पहिली कित्येक दशकं अशा पेट्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. १९७०-८० नंतर मात्र त्या हजारांच्या घरात गेल्या. कार्डं मागे पडली, रबरी शिक्का आणि वही आली. शंभर पेट्या शोधणाऱ्यांचा तिथे एक क्लबही आहे.

अमेरिकेत हे वेड पसरलं ते १९९८ मध्ये, स्मिथसोनियन मासिकात डार्टमूरच्या पेट्यांवर लेख छापून आल्यावर. न्यू इंग्लंडच्या जंगलांत ते लगेच रुजलं. कनेटिकटच्या वनखात्याने तर आपल्या राखीव जंगलांत स्वतःच पेट्या दडवल्या. पाच शोधल्या की कापडी बिल्ला, साऱ्या शोधल्या की जंगलातल्याच लाकडाची काठी. सरकारी खात्याने असा काही खेळ मांडावा याचं मला अजून नवल वाटतं. २००० च्या मे महिन्यात अमेरिकन सरकारने उपग्रहांचा अचूक सिग्नल सगळ्यांना खुला केला आणि लगोलग जिओकॅशिंग नावाचा चुलतभाऊ जन्मला. तो अक्षांश-रेखांशावर चालतो. त्यात फोन तुम्हाला पेटीपाशी नेऊन उभं करतो. आमच्या भाच्याला तो पसंत नाही. “त्यात वाचायचं काहीच नसतं,” हे त्याचं मत. मला ते पटतं.

आजोबा डबा मिटतात. मग बादलीकडे बघत नुसतेच बसून राहतात.

“अरे देवा,” बहीण पुटपुटते.

हार्टफर्ड हे विम्याचं गाव. आगीचा, गाडीचा, आयुष्याचा, कशाचाही विमा उतरवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या इथल्या. आमचे मेहुणे त्यांतल्याच एकीत संगणकाचं काम करतात, आणि या भागात मराठी घरं दिसतात ती बरीचशी त्याच वाटेने आलेली. वॉलेस स्टीव्हन्स हा विसाव्या शतकातला मोठा अमेरिकन कवीही विमा कंपनीतला वकील, पुढे तिथलाच उपाध्यक्ष. त्याला गाडी चालवता येत नव्हती. घर ते कचेरी रोज पायी, आणि चालता चालता कविता. ही बाग त्याच्या नित्याच्या फिरण्यातली. त्याच्या त्या वाटेवर आता ग्रॅनाइटचे तेरा दगड बसवलेत. सगळं आयुष्य धोक्यांचा हिशेब मांडणाऱ्यांचं हे गाव, आणि इथलीच माणसं रविवारी उठून कुलूप नसलेली पेटी उघड्यावर ठेवून येतात.

शेवटी आजोबा उठतात. बादली उचलतात, आमच्याकडे बघून टोपीला हात लावतात आणि वाफ्यांकडे जातात. भाचा त्यांची पाठ वळायच्या आत बाकापाशी.

पितळेची छोटी पट्टी. एका बाईंचं नाव आणि दोन तारखा. नाव इथे देत नाही. अक्षरं सहा. दोनशे सत्तर, मी तोंडी सांगते. तो तरीही दप्तरातून वही काढून गुणाकार मांडतो आणि मग मान डोलावतो. दोनशे सत्तर म्हणजे सरळ पश्चिम. गुलाबांपासून आणखी दूर.

आता वाद पेटतो तो पेसवरून.

“पेस म्हणजे दोन पावलं,” भाचा. “उजवा पाय टेकला की एक. रोमन सोल्जर्स असंच मोजायचे.”

“पेस म्हणजे ढांग,” त्याची आई. “मागच्या पेटीला मी एकेक मोजलं होतं आणि बरोबर आलं होतं.”

“तो दुसऱ्या माणसाचा क्लू होता!”

“आणि माणसाच्या ढांगा की पोराच्या?” मी तेल ओतते.

दोघं आपापल्या हिशेबाने निघतात. सुई दोघांसाठी एकच, पण बहिणीचे तीस लवकर संपतात आणि ती एका मोकळ्या गवतात उभी राहते. भाचा तिला मागे टाकून ओठ हलवत पुढे जातो, तीस म्हणतो आणि एका झुडपासमोर थांबतो. झाड आहे ते दोघांच्या मधे. जमिनीतून एकच बुंधा, गुडघ्याएवढ्या उंचीवर दुभंगलेला. एक खोड जाड, एक बारीक. दोन भावंडं. धाकटं थोरल्यापासून जरा बाहेर झुकलेलं.

“बघ, माझ्या जवळ आहे,” बहीण.

“माझ्या जवळ आहे,” भाचा.

माझ्या मते बरोबर मध्यावर आहे, पण मला कुणी विचारत नाही.

धावत जाऊन वाकायचं नाही. आधी झाडाभोवती पानं बघायची. तीन-तीन पानांची चकचकीत वेल असेल तर हात लावायचा नाही. पॉयझन आयव्ही. तिच्या तेलाने आठवडाभर अंग खाजतं, फोड येतात. मग मोजे पँटवर ओढून घ्यायचे. गोचीड. लाइम नावाचा आजार ज्या गावावरून ओळखला जातो ते लाइम गाव याच राज्यात आहे. १९७५ च्या सुमाराला तिथल्या मुलांचे सांधे एकाएकी सुजायला लागले, तिथून त्याचा शोध सुरू झाला. बहीण हे सगळं भराभर आणि सवयीने तपासते. आपण बूट घालायच्या आधी विंचवासाठी झटकतो, त्या घाईने.

“चल.”

धाकट्या खोडाच्या मागे वाळकी पानं जरा जास्तच नीट रचलेली आहेत. त्यांवर चपटा दगड. या मंडळींत अशा संशयास्पद ढिगाला एक लाडकं नावही आहे. निसर्ग दगड इतका बेतशीर ठेवत नाही. भाचा आधी काठीने पानं चाळवतो. आत काही जिवंत नाही ना. दगड उचलतो. खाली मुळांच्या बेचक्यात, मातीच्या रंगाची चिकटपट्टी गुंडाळलेला, तळहातापेक्षा थोडा मोठा प्लास्टिकचा डबा.

मी हात पुढे करते आणि थबकते. आमची पिढी रेल्वे स्टेशनांवर एक घोषणा ऐकत वाढली आहे. बेवारस वस्तूला हात लावू नका, ती बाँब असू शकते. आमच्या पुण्यातल्या एखाद्या बागेत झाडामागे पट्टी गुंडाळलेला डबा सापडला, तर शिट्टीवाला वॉचमन आधी, पोलिसांचं पथक नंतर आणि बातमीदार सगळ्यांत शेवटी. अमेरिकेतही अशा डब्यांनी बाँबशोधक पथकांची धावपळ उडवलेली आहे. म्हणूनच झाकणावर पक्क्या शाईने लिहिलंय की हा खेळ आहे, आत एक शिक्का आणि एक वही आहे, कृपा करून वाचा आणि परत ठेवा.

“मावशी, उघड ना. तूच उघड. पाहुण्यांचा मान.”

चार कानांचं झाकण टकटक उघडतं. आत घट्ट दाबून मिटवलेली प्लास्टिकची पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी, तिच्यात वही. आणि वेगळ्या पुडीत शिक्का. लाकडी ठोकळ्यावर चिकटवलेला गुलाबी रबराचा तुकडा, हाताने कोरलेला.

शिक्का मी उन्हात धरते. उलटा असल्यामुळे पटकन कळत नाही. पाच निमुळत्या पाकळ्यांचं काहीतरी, मध्ये गाठ. चांदणी? समुद्रातला तारामासा? भाचा त्यावर हिरव्या मार्करने रंग फिरवतो, दोनदा हुंकारून वाफ देतो म्हणजे शाई ओली राहते, आणि आपल्या कोऱ्या पानांच्या वहीत दाबतो. उचलतो.

गुलाब आहे. मागून बघितलेला. देठाकडून. पाच हिरवी निदलं आणि त्यांच्यामागून डोकावणारी पाकळ्यांची कड.

आम्ही तिघंही क्षणभर बोलत नाही, आणि मग बहीण हसायला लागते. १५,००० झाडांच्या बागेत पेटी ठेवणाऱ्याने गुलाबच कोरलाय, पण कुणी बघत नाही त्या अंगाने. हा माणूस पहिल्या ओळीपासून आम्हाला याच्यासाठीच फिरवत होता. मला तो, किंवा ती, एकदम आवडून जाते. सगळ्या बागेने ज्याचे फोटो काढलेत त्याला हा माणूस कंटाळलेला नाही. त्याने फक्त फूल उलटं धरलंय.

“पण हे बघ,” भाचा नाक टेकवून म्हणतो, “पाच सेम नाहीत. या दोघांना केस आहेत. या दोघांना नाहीत. आणि या एकाला एकाच साइडला.”

कोरताना सुरी घसरली असेल, बहिणीचं मत.

आता त्यांच्या वहीत आमचा शिक्का. भाच्याने खोडरबरावर स्वतः कोरलेला मोदक. खाली “म” कोरला आहे. शिक्क्यावर अक्षर आरशातलं कोरावं लागतं. याने सुलटं कोरलं, त्यामुळे कागदावर ते उलटं उमटतं. दुसरा करायला तो तयार नाही, म्हणतो तोच आमचा मार्क. मोदक इथे कुणालाही ओळखता येत नाही. मागच्या एका पेटीच्या मालकिणीने निरोप धाडला होता की लसणीचा गड्डा फार सुरेख जमलाय.

मी वही चाळते. पहिल्या पानावर ठेवणाऱ्याचा मजकूर, नाव नाही, फक्त खेळातलं टोपणनाव. पुढे पानोपानी शिक्के. बेडूक, चहाची किटली, बूट, दोन चाकांची सायकल, अंगठ्याचा ठसा आणि त्याला काढलेले मिशीचे केस. मॅसॅच्युसेट्स, ओहायो, एक थेट इंग्लंडची नोंद. २०२० च्या उन्हाळ्यात नोंदी दाट झालेल्या. सगळं बंद होतं आणि झाडाखाली जायला कुणाची मनाई नव्हती. बऱ्याच जणांनी फक्त तारीख लिहिली आहे. एकाने लिहिलंय, पाऊस होता, वही ओली झालेली सापडली, घरी नेऊन वाळवली, नवीन पिशवीत घालून परत ठेवली. तारखा बघते. वाळवायला चार दिवस घेतलेत. म्हणजे हा माणूस ओळखदेख नसलेल्यांच्या वहीसाठी गाडी काढून पुन्हा आला, पुन्हा गुलाबांकडे पाठ केली, पुन्हा इथे वाकला. त्याने त्याबद्दल एक शब्द जास्तीचा लिहिलेला नाही.

मी त्याच्याच खालच्या जागेत मराठीत तारीख घालते. “पुण्याहून,” एवढंच लिहिते.

परत ठेवणं हे शोधण्यापेक्षा मन लावून करायचं काम आहे. शिक्का ओल्या फडक्याने पुसायचा, नाहीतर पुढच्याचा ठसा गढूळ येतो. वही आतल्या पिशवीत, हवा दाबून काढायची. झाकणाचे चारही कान लागल्याचा आवाज ऐकायचा. डबा बेचक्यात आडवा, दगड त्याच बाजूने, पानं वर. भाचा चार पावलं मागे जाऊन बघतो, परत येतो, दोन पानं हलवतो. “आता नॅचरल.”

“व्हॉट डिड यू फाइंड?”

आम्ही तिघंही दचकतो. बादलीवाले आजोबा. आता बादली शिगोशीग भरलेली, भुशाच्या ढिगाकडे रिकामी करायला निघालेत. त्यांची वाट याच झाडावरून जाते.

बहीण माझ्याकडे बघते. खेळाचा नियम सरळ आहे, बाहेरच्याला सांगायचं नाही. पण हा माणूस बाहेरचा कसा? बागेच्या या मागच्या अंगणात आमच्याखेरीज वावरणारा तोच एकटा.

भाचा झाडाकडे न बघता दोन पावलं बाजूला सरकतो, आपली वही उघडतो आणि ठसा पुढे धरतो. पेटीबद्दल चकार शब्द नाही. हुशार आहे.

आजोबा चष्मा कपाळावर सारतात आणि वही डोळ्यांजवळ नेतात. बराच वेळ बघतात. मग मोठ्याने हसतात, बादलीत हात घालतात, एक कोमेजलेलं फूल निवडून उलटं धरतात आणि त्याच्या निदलांवरून मातकट नखाने बोट फिरवत मोजायला लागतात. हा एक, दोन्ही बाजूंनी दाढी. हा दुसरा, याच्याही दोन्ही बाजूंना दाढी. हे दोघं तुळतुळीत. आणि हा पाचवा, अर्ध्या गालावर दाढी, अर्धा साफ. कळीत ही पाच निदलं एकमेकांवर चढलेली असतात. ज्या कडा बाहेर राहतात त्यांना झालर फुटते, ज्या दुसऱ्याखाली दबतात त्यांना नाही. पाच भावांचं हे कोडं युरोपात शेकडो वर्षांपासून घालतात, आजोबा सांगतात. सुरी घसरली नव्हती.

भाचा बादलीतून दुसरं फूल काढतो. उलटं करतो. मोजतो. मग तिसरं.

“दोन, दोन, आणि हाफ,” तो ओरडतो. “आई, प्रत्येकाला!”

“कुणी कोरलंय हे?” आजोबा विचारतात.

माहीत नाही, आम्ही म्हणतो. तेही खरंच.

“आणि ते इथे आहे, माझ्या बागेत.”

यावर आम्ही गप्प. आजोबा भावंडांच्या झाडाकडे बघत नाहीत. मुद्दाम बघत नाहीत, हे मला दिसतं. ते कात्री खिशात टाकतात आणि हात पुढे करतात. जागा दाखवू नका, ते म्हणतात. तो कागद द्या फक्त.

बहीण कागदाची घडी उलगडून त्यांना देते. ते पहिली ओळ वाचतात, दूर मंडपाकडे बघतात, जिथे आता दुसरी नवरी पायऱ्या चढतेय. खालच्या ओळींवर येतात. कपाळाला आठी पडते.

“पेस म्हणजे एक पाऊल की दोन?”

“एक,” बहीण म्हणते.

“दोन,” भाचा म्हणतो.